कपात दिसते, परतावा दिसत नाही





ऊसबिल हातात पडले की आपली नजर आधी कुठे जाते? वजनावर, आणि तिथून थेट कपातीच्या रकान्यावर. सोसायटीचे किती कापले, ठेवीचे किती, पाणीपट्टीचे किती. एकूण रक्कम आपण मागाहून बघतो. यात गैर काही नाही. मिळणारा पैसा आपल्या घामाचा असतो, त्याची वाट आपण पाहतच असतो. कापलेला पैसा मात्र टोचतो. दहा रुपये मिळाल्याचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकतो आणि दहा रुपये कापल्याचा राग पुढच्या हंगामापर्यंत.

हे सांगायचे कारण असे, की सध्या जगभर ‘कार्बनची किंमत’ या नावाने जे राजकारण चालले आहे ते सगळे या कपातीच्या रकान्यात मावते. या विषयावरचे लेख असे लिहिलेले असतात, की वाचणाऱ्याने दुसऱ्याच ओळीला पान उलटावे. पण विषय आता आपल्या बांधापर्यंत येऊन ठेपला आहे. तेव्हा तो आपल्या बोलीत समजून घेतलेला बरा.

भरपाईचा साधा न्याय

वरच्या वावरातल्याने रात्री पाट मोकाट सोडला आणि खालच्याचा ऊस बसला, तर गाव काय म्हणते? ज्याने पाणी सोडले त्याने भरपाई द्यावी. कार्बनच्या किमतीमागे हाच न्याय आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. एक लिटर पेट्रोलमागे तो सव्वादोन किलोच्या आसपास निघतो. हा वायू उष्णता धरून ठेवतो, हवा तापते, पावसाचे वेळापत्रक बिघडते. जाळणारा एक आणि भोगणारा दुसरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे उभा ऊस पाण्याखाली गेला. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एकेका पुराचा किंवा दुष्काळाचा सगळा दोष तापमानवाढीवर टाकता येणार नाही हे खरे. पण असे दोन्हीकडचे फटके वाढत जाणार, असे शास्त्रज्ञ सांगत आहेत, आणि ते खायचे आपल्यालाच आहेत. म्हणून जाळणाऱ्याने टनामागे काही मोजावे, म्हणजे तो कमी जाळेल, ही कल्पना मुळात शेतकऱ्याच्या विरोधातली नाही.

मग घोडे अडते कुठे? ते कॅनडाच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

कॅनडात काय घडले?

कॅनडा म्हणजे गहू आणि तेलबिया पिकवणाऱ्या मोठ्या शेतकऱ्यांचा, कडाक्याच्या थंडीचा आणि खनिज तेलाचा देश. तिथे ब्रिटिश कोलंबिया या प्रांताने १ जुलै २००८ रोजी टनाला १० डॉलर असा कार्बन कर सुरू केला. जेवढा कर जमेल तेवढे इतर कर कमी करायचे, असे आधीच जाहीर केले. २००९ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाने हा कर रद्द करण्याची घोषणा दिली आणि तो हरला. कर टिकला.

पुढे केंद्र सरकारने २०१८ साली कायदा केला आणि एप्रिल २०१९ पासून, ज्या प्रांतांकडे स्वतःची योजना नव्हती तिथे टनाला २० डॉलरचा इंधन आकार बसवला. दरवर्षी तो चढत गेला. एप्रिल २०२४ मध्ये तो ८० डॉलर झाला, म्हणजे पेट्रोलवर लिटरमागे १७.६ सेंट. २०३० पर्यंत तो १७० डॉलरपर्यंत न्यायचे ठरले होते.

आता यातली खुबी बघा. जमलेल्या पैशातला सुमारे ९० टक्के पैसा सरकार घरोघर परत देत होते. श्रीमंत असो वा गरीब, त्या प्रांतात चार माणसांच्या कुटुंबाला रक्कम सारखीच. २०२४-२५ मध्ये ओंटारिओ प्रांतात अशा कुटुंबाला वर्षाला १,१२० डॉलर, अल्बर्टात १,८०० डॉलर मिळणार होते. खेड्यातल्या माणसाला लांबवर गाडी हाकावी लागते म्हणून त्याला २० टक्के जादा. जो जास्त जाळतो तो जास्त भरतो, पण परतावा सगळ्यांना सारखा. तेव्हा जपून वापरणारा गरीब माणूस फायद्यातच राहायचा. ट्रॅक्टरच्या डिझेल-पेट्रोलला शेतकऱ्यांना सूटही होती.

कागदावर याहून न्याय्य योजना दाखवणे अवघड. तरीही १४ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतलेल्या मार्क कार्नी यांनी त्याच दिवशी हा आकार शून्य करण्याच्या कागदावर सही केली, आणि १ एप्रिलपासून तो बंद झाला. कार्नी हे काही हवामानाच्या प्रश्नाची टर उडवणारे गृहस्थ नव्हेत. संयुक्त राष्ट्रांचे हवामान अर्थसाहाय्यविषयक खास दूत म्हणून त्यांनी काम केलेले. पण ‘कर हटवा’ या विरोधी नेते पियेर पॉलिएव यांच्या घोषणेने सारा देश ढवळून निघाला होता. कार्नींनी घोषणेतली हवाच काढून घेतली आणि एप्रिल अखेरच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला. ब्रिटिश कोलंबियानेही १७ वर्षांचा आपला कर त्याच १ एप्रिलला बंद केला.

पैसे परत मिळत असताना लोकांनी योजना का टाकली? लोक अडाणी होते का? मुळीच नाही.

योजना कशाने बुडाली?

पहिली गोष्ट, घेणे रोज दिसत होते आणि देणे दिसत नव्हते. पेट्रोल पंपावरचा आकडा आठवड्याला डोळ्यांसमोर. परतावा मात्र सुरुवातीची वर्षे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात मिसळून गेलेला. २०२२ पासून तो तिमाहीला खात्यात जमा होऊ लागला, तर बँकेच्या नोंदीत अनेकांना कसलेसे मोघम नाव दिसे. पैसे कशाचे आले हेच कळेना. २०२४ मध्ये योजनेचे नाव बदलून त्यात ‘कार्बन’ आणि ‘परतावा’ हे शब्द घालावे लागले, आणि नोंदीत नाव नीट लिहा म्हणून बँकांच्या मागे लागावे लागले. तोवर पाच वर्षे निघून गेली होती. आपल्याकडे दुसरा हप्ता खात्यावर कसल्याही उल्लेखाविना जमा झाला, तर सभासद तो कारखान्याने दिला असे म्हणेल का? दूध संघाचे असतील, नाहीतर विम्याचे असतील, असे म्हणून मोकळा होईल.

उलट, विरोध करणाऱ्यांना दाखवण्याचे महत्त्व बरोबर कळले होते. ओंटारिओच्या प्रांतिक सरकारने २०१९ साली प्रत्येक पेट्रोल पंपावर कराचा आकडा दाखवणारी चिठ्ठी लावणे सक्तीचे केले. त्या चिठ्ठीवर परताव्याचा एक शब्द नव्हता. २०२० साली न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. गोंद कच्चा निघाल्याने काही चिठ्ठ्या आपोआपच गळून पडत होत्या, तो भाग वेगळा. पण मुद्दा लोकांच्या मनावर पक्का चिकटला.

दुसरी गोष्ट, सरकारने स्वतःच स्वतःच्या नियमाला भोक पाडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये घर तापवण्याच्या तेलावरचा आकार तीन वर्षांसाठी उठवला. हे तेल वापरणारी घरे पूर्वेकडच्या अटलांटिक प्रांतांत जास्त, आणि तिथे सत्ताधाऱ्यांचे खासदार नाराज झाले होते. मग गॅसवर घर तापवणाऱ्या सस्कॅचवान प्रांताने विचारले, आमची थंडी काय कमी आहे? जानेवारी २०२४ पासून त्या प्रांताने घरगुती गॅसवरचा आकार वसूल करणेच थांबवले. धान्य सुकवायला गॅस लागतो, त्यावर सूट द्या, असे शेतकरी म्हणत होते. त्यासाठीचे विधेयक मार्च २०२३ मध्ये लोकप्रतिनिधींच्या सभागृहात मंजूर झाले, पण ते कधीच कायदा झाले नाही. एकाला सूट आणि दुसऱ्याला नकार, हे दिसले की माणूस दराचे दुःख विसरतो आणि अपमान धरून बसतो. तोडणीचा क्रम डावलून एखाद्या वजनदार माणसाच्या फडात टोळी आधी गेली, की गावात काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हिशोबावर विश्वास राहिला नाही. संसदेच्या अर्थविषयक कार्यालयाने सांगितले की भरलेला कर आणि मिळालेला परतावा एवढेच धरले तर बहुतेक घरे फायद्यात आहेत. अर्थव्यवस्थेवरचा परिणामही धरला तर मात्र अनेक घरे तोट्यात जातात. दोन्ही पक्षांनी आपल्या सोयीचे अर्धे वाक्य उचलले. २०२४ मध्ये त्याच कार्यालयाला कबूल करावे लागले, की दुसऱ्या हिशोबात कारखान्यांवरचा आकारही चुकून धरला गेला होता. ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात २०२२ साली कॅनडा आणि स्वित्झर्लंड या दोन देशांचा अभ्यास आला. लोक स्वतःच्या परताव्याचा अंदाज कमीच करत होते, आणि परताव्याने कराला पाठिंबा फारसा वाढला नाही, असे त्यात दिसले.

म्हणजे मागाहून आकडा सांगून भागत नाही. काट्यावर एकदा संशय बसला की कारखान्याने वजनाची कितीही छापील पावती दिली तरी शेतकरी गाडी आधी बाहेरच्या काट्यावर नेतो. विश्वास पहिल्या खेपेपासून राखावा लागतो.

राज्यकर्त्यांनी घेतलेला धडा

आता यावरून राज्यकर्ते काय शिकले? कॅनडात सामान्य माणसाच्या पेट्रोलवरचा आकार गेला, पण मोठ्या कारखान्यांवरची कार्बनची किंमत तशीच ठेवली गेली. त्याविरुद्ध रस्त्यावर कोणी उतरले नाही. कारण ती दिसत नाही. सिमेंटमध्ये, पोलादात, खतात ती मिसळून जाते. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनकराविरुद्ध पिवळी जाकिटे घातलेले लोक रस्त्यावर आले, त्यांत खेड्यापाड्यांतून मोटारीने कामाला जाणारे पुष्कळ होते. सरकारला पुढची करवाढ थांबवावी लागली. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०१२ ला टनाला २३ डॉलर अशी किंमत सुरू झाली आणि दोन वर्षांत, २०१४ च्या जुलैत, नव्या सरकारने ती मोडीत काढली. या सगळ्यावरून राजकारण्यांनी घेतलेला धडा असा, की दिसेल असा आकार लावायचाच नाही. लपवून लावला की निवडणूक निभावते.

माझे म्हणणे असे, की हा धडा उलटा आहे. दिसणारी कपात बुडाली ती दिसत होती म्हणून नव्हे. तिच्या शेजारी परतावा दिसत नव्हता म्हणून ती बुडाली. कपात लपवली की तक्रार थांबते, पण अन्याय थांबत नाही. उलट, पैसा कुठे गेला हे विचारायची सोयच उरत नाही.

आपल्या घरचे उदाहरण

याचे उदाहरण शोधायला कॅनडात जायची गरज नाही. आपल्या देशात २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर बसला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. कार्बनचा शब्द न काढता लावलेली ही कार्बनची किंमतच होती. सूर्यशक्ती, पवनशक्ती, संशोधन यांच्यासाठी त्या पैशातून निधी उभारायचा होता. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यातले निधीकडे गेले सुमारे ३० हजार कोटी, आणि प्रकल्पांना मिळाले सुमारे १६ हजार कोटी. २०१७ साली जीएसटी आला. उपकर तोच राहिला, पण त्याचे काम बदलून राज्यांची नुकसानभरपाई असे झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला.

हे पैसे कोणी भरले? वीज वापरणाऱ्या प्रत्येकाने, थोडेथोडे, नकळत. कोणी मोर्चा काढला नाही, कारण कोणाच्या बिलावर ती ओळ नव्हती. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशातली ही गत. कॅनडाचा कर गाजून मेला, आपला उपकर मुक्यानेच वाट बदलून गेला. दोन्हीकडे हिशोब हीच नड.

आता आपल्याशी संबंध

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली. सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना एक टन मालामागे किती वायू सोडायचा याची मर्यादा घालून दिली जाते. जो मर्यादेच्या आत राहील त्याला प्रमाणपत्रे मिळतात, जो ओलांडेल त्याने ती विकत घ्यायची. साखर धंदा या मर्यादा घातलेल्या उद्योगांत नाही. पण यादीबाहेरच्यांनी स्वखुशीने प्रकल्प करून क्रेडिट मिळवावे, असा मार्गही योजनेत ठेवला आहे. आणि आपल्याकडे बगॅसवरची वीज आहे, मळीचे इथेनॉल आहे, प्रेसमडचा गॅस आहे, पाचट न जाळता कुजवणारे शेतकरी आहेत. तेव्हा ‘कार्बनचे पैसे’ हा शब्द आपल्या कानावर येत राहणार.

साखर कारखान्यांना हा शब्द नवा नाही. १९९७ च्या क्योटो करारातून निघालेल्या योजनेत देशातल्या बऱ्याच कारखान्यांनी बगॅसच्या सहवीजनिर्मितीचे प्रकल्प नोंदवले होते. २००८ मध्ये टनामागे वीस युरोच्या घरात असलेला क्रेडिटचा भाव २०१२ संपता संपता एका युरोच्याही खाली आला. त्या नियमांत क्रेडिट कसे मोजायचे आणि कसे विकायचे हे तपशिलाने होते. ऊस घालणाऱ्याच्या पदरी त्यातले काय पडावे, हे नव्हते.

काहीजण म्हणतील, कारखान्याला चार पैसे मिळाले की ते सभासदाचेच झाले, वेगळी ओळ कशाला? त्यांना माझे उत्तर असे. कारखाना आपलाच, हे मान्य. पण सहकाराचा पाया भावनेवर कमी आणि चोपडीवर जास्त आहे. २०१३ च्या राज्याच्या कायद्याने साखरेबरोबर बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातही ऊस उत्पादकाचा वाटा ७०:३० या सूत्राने मानला. क्रेडिट बगॅसच्याच पोटी जन्मते. मग ते हिशोबाबाहेर कसे राहील? दुसरे कोणी म्हणतील, रक्कम किरकोळच असणार. असेलही. टनामागे चार आणेच येतील. तरी ते चार आणे म्हणून दिसू देत. रक्कम लहान असतानाच रीत पडली तर ती मोठी झाल्यावर टिकेल. कॅनडाने रीत पाडायला पाच वर्षे उशीर केला.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी तीन गोष्टी सभासदांच्या विचारार्थ मांडतो.

एक, कार्बन क्रेडिटचा कोणताही करार करण्यापूर्वी त्याचा मराठी मसुदा सभेपुढे यावा. मुदत किती वर्षांची, मधल्या कंपनीचा वाटा किती, भाव पडला तर तोटा कोणाचा, हे त्यात स्पष्ट असावे.

दोन, त्या उत्पन्नाचे खाते वेगळे राहावे, आणि ऊसबिलावर जिथे कपातीचा रकाना छापतात त्याच्या शेजारीच कार्बन उत्पन्नाच्या वाट्याची ओळ छापावी. रक्कम शून्य असेल तर शून्य छापावे.

तीन, पाचट कुजवण्यासारख्या कामाचे क्रेडिट बांधावरच्या कष्टातून निघते. त्याचा लाभ ज्याच्या वावरात काम झाले त्याच्या नावे जावा. लहान-मोठ्या सभासदाला एकच नियम, मधेच कोणाला सूट नाही. आणि कोणी परस्पर बांधावर येऊन कार्बनच्या नावाने सही-अंगठा मागितला, तर गटकार्यालयात विचारल्याखेरीज देऊ नये.

हवामान सुधारायचे तर जगाला काहीतरी मोजावे लागणार, त्यातून आपली सुटका नाही, आणि सर्वांत मोठी झळ बसते ती उघड्या आभाळाखाली पीक घेणाऱ्यालाच. तेव्हा कार्बनच्या किमतीला सरसकट विरोध करणे शेतकऱ्याला परवडणारे नाही. पण जी किंमत लपवून घेतात आणि जिचा हिशोब देत नाहीत, तिला होकार देणेही परवडणारे नाही. दिल्लीत किंवा परदेशात काय छापावे ते आपल्या हाती नाही. आपल्या ऊसबिलावर काय छापावे, ते मात्र आपल्या सभेच्या हाती आहे. सभेला या, आणि हा प्रश्न विचारा.

जय सहकार!

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद